घरचे नाही म्हणतात

माझी मुलगी गेले आठवडाभर वेळेवर झोपते आहे, आणि ही काळजी काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही. दुसऱ्या कुठल्याही आईने हे ऐकलं तर ती मला वेड्यात काढेल. मी स्वतः दोन महिने घसा कोरडा करून तिच्यामागे एकच टुमणं लावलं होतं, "झोप आता!" आता ती जेवण झालं की आपलं ताट विसळते, दिवा घालवते आणि भिंतीकडे तोंड करून पडते. मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठून बघून येते. झोपलेल्याचा श्वास वेगळा आणि झोपेचं सोंग घेतलेल्याचा वेगळा. वीस वर्षं ऐकते आहे, मला कळतं.

घरात सगळे तिला पुटपुट म्हणतात. नाव तिच्या बाबांनी ठेवलेलं. ती इतकं हळू बोलते की समोरच्याला दोनदा "काय?" म्हणावं लागतं, आणि तिसऱ्यांदा विचारलं की ती "काही नाही" म्हणून मोकळी होते. शाळेत हजेरीच्या वेळी तिचं "हजर" बाईंपर्यंत पोचायचंच नाही. वर्षाच्या शेवटी तिची हजेरी कमी भरली, तेव्हा हे शाळेत जाऊन भांडून आले होते. मावशीकडे राहायला म्हणून गेली तर संध्याकाळी पिशवीसकट परत. आजवर एक रात्र तिने घराबाहेर काढलेली नाही.

अशा मुलीने कॉलेजात लावलेली सूचना वाचली आणि अवकाश-अभ्यासाच्या ऑनलाइन वर्गाला परस्पर नाव घातलं. जगभरातून मुलं घेणार होते. निवड झाल्यावर घरी सांगितलं. तेव्हा माझे सासरे खुर्चीत बसून नखं कापत होते.

"कसला अभ्यास?"

"अवकाश-अभ्यास, आजोबा."

"अवकाश म्हणजे सुट्टी. सुट्टीत कसला आलाय अभ्यास?"

"ते नाही हो. वरचं अवकाश."

"वर जायला मला अजून अवकाश आहे, म्हणावं!" असं म्हणून ते स्वतःच इतके हसले की मांडीवरच्या कागदातली नखं सगळी फरशीवर.

वर्ग रात्री भरायचा. सगळ्या देशांना जमेल अशी वेळ काढायची म्हटल्यावर कुणाच्या तरी वाट्याला रात्र येणारच, ती आमच्या वाट्याला आली. आमच्या स्वयंपाकघराला लागून एक चिंचोळी जागा आहे, तिथे तिची खाट. पाठीमागे दोरीवर ओले टॉवेल, म्हणून कॅमेरा कायम बंद. चौघांचा गट होता. दोन मुलं तिच्या वयाची, आणि एक बाई माझ्या वयाच्या, रुग्णालयात नर्स. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानात सूर्य दिवसातून कितीतरी वेळा उगवतो आणि मावळतो. मग तिथल्या माणसांनी झोपायचं कधी आणि कसं, हा त्यांच्या गटाचा विषय. हे म्हणायचे, "झोपमोड करून झोपेचा अभ्यास! वा!"

हे बेकरीत कामाला आहेत, पहाटे निघतात. तिचा वर्ग आणि गटाची चर्चा संपायला आणि यांना जाग यायला एकच गाठ पडायची. मग दोघं ओट्याशी चहा घ्यायचे. मी आत पडल्या पडल्या ऐकायची.

"मग, आज कुठवर पोचलात?"

"अजून गादीशीच अडकलोय. गादी भिंतीला बांधायची की छताला, यावरून भांडणं झाली."

"छताला कशाला? माणूस खाली पडेल की."

"बाबा, तिथे खाली कुठे असतं?"

आणि दोघांचं हसणं. त्या हसण्याइतकंच मला तिचं बोलणं नवं होतं. शब्द न् शब्द ऐकू यायचा. यांना एकदाही "काय?" म्हणावं लागत नव्हतं. फार वाटायचं की उठावं, आपलाही कप घेऊन तिथे उभं राहावं. पण मी गेले आणि ती पुन्हा पुटपुटायला लागली तर? म्हणून पांघरूण नाकापर्यंत ओढून तशीच पडून राहायची.

ओरडायचं काम मात्र मी चोख केलं. रात्री केव्हातरी जाग आली, दाराखाली उजेड दिसला, की आतूनच हाक, "अगं, झोप आता!" माझा आवाज त्या यंत्रातून थेट परदेशात पोचतो हे मला कुठे ठाऊक! एकदा नर्सबाईंनी विचारलं की हा कोणाचा आवाज आणि काय म्हणतो आहे. हिने अर्थ सांगितला. झोपेवरच काम करणाऱ्या माणसांना आणखी काय हवं? माझ्या हाकेला त्यांनी "जमिनीवरून आलेला हुकूम" असं नाव ठेवलं, आणि रोज निरोप घेताना तिघंही आपापल्या उच्चारात तेच म्हणायला लागले. शेवटच्या दिवशी तिने कॅमेरा उघडला, टॉवेल तसेच. मला हाक मारली, "आई, जरा ये ना." मी डोळे चोळत गेले, केस सुटलेले. पडद्यावरचे तिघं एका सुरात ओरडले, "झोपाता!" माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, आधी तुम्ही झोपा!" त्यांना कळलं नसणार, पण नर्सबाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. पुटपुटने माझा दंड धरून ठेवला होता. कॉल बंद झाल्यावरही सोडला नाही.

त्यानंतर हे शहाण्या मुलीसारखं झोपणं सुरू झालं. पहाटे चहाला ती उठत नाही. हे उभ्याउभ्याच अर्धा कप पितात आणि दार हळू ओढून जातात.

आज दुपारी ते सगळं उलगडलं. मी दातांच्या दवाखान्यात असते, रुग्णांच्या वेळा बघते. आत मशीन किर्रर्र करत होतं आणि माझ्या फोनवर नर्सबाईंचा निरोप आला. पालक म्हणून माझा नंबर तिने त्यांना दिलेला होता. निरोप इंग्रजीत, साधा: "आई म्हणून तुम्ही घेतलेल्या निर्णयाचा मला आदर आहे. पण ती नसेल तर आम्हाला फार चुकल्यासारखं होईल. माझ्या घरातली वरची खोली तिच्यासाठी झाडून ठेवली होती. उद्यापर्यंत नावं द्यायची आहेत. मन बदललं तर फोन करा, दुपारी मी घरीच असते."

निर्णय? मी कधी घेतला? आधी त्यांचा काहीतरी घोटाळा झाला असेल असं वाटलं. गोंधळात मी दाढ काढायला आलेल्या गृहस्थांना नुसते दात साफ करायच्या खुर्चीत बसवलं. ते बिचारे इतके खूश झाले की उठायलाच तयार नव्हते.

संध्याकाळी ती पालेभाजी निवडत होती, तेव्हा फोन तिच्यापुढे धरला. तिने वाचलं. देठं मोडत राहिली. मग थोडं थोडं बाहेर आलं. त्यांच्या गटाचा आराखडा निवडला गेला होता. पुढचं तीन आठवड्यांचं काम प्रत्यक्ष तिथे जाऊन, नर्सबाईंच्याच गावात. तिकीट, राहणं, सगळी सोय. आणि हिने कळवलं होतं, घरचे नाही म्हणतात.

"आम्हाला विचारलंस कधी?"

"दुसरं काही सुचेना. आईचं नाव सांगितलं की पुढे कोणी विचारत नाही."

"परदेशातसुद्धा?"

"परदेशातसुद्धा."

मला हसू येत होतं आणि रागही. "जायचं नाही का तुला?"

"परीक्षा आहे."

"परीक्षेला तीन महिने आहेत."

तिने निवडलेली पानं चाळणीत भरली. मग म्हणाली, "तिथे कॅमेरा बंद करता येणार नाही गं." आणि थोड्या वेळाने, त्याहून हळू, "आणि तू झोपशील का मी गेल्यावर?"

"काय?" ऐकू आलं होतं, तरी मी विचारलं. या वेळी ती "काही नाही" म्हणाली नाही. उठली आणि भाजी धुवायला गेली. नळाच्या आवाजातच मी विचारलं, "आणि त्या बाई मला काही बोलल्या तर काय सांगू?"

"खरं ते सांग. तुला कुठे खोटं बोलता येतं?"

जेवताना यांच्या कानावर घातलं. हे म्हणाले, "जाऊ दे की. पीठ झाकून ठेवलं म्हणून फुगायचं राहतं का?"

"तुमच्या पिठाला विमानात बसायचं नसतं."

"आणि तुझ्या पोरीला जन्मभर ओट्याखाली ठेवायचं आहे का?" एवढं बोलून हे झोपायला गेले. पहाटे उठायचं असतं.

मी बसून आहे. खरं सांगायचं तर तिच्याकडून सगळं कळल्यावर मला आधी हायसं वाटलं होतं. नकार देऊन झालेला, माझ्या नावावर, आणि मला एक शब्द बोलावा लागला नाही. उद्याचा दिवस गप्प राहिले तर संपलंच. ती इथेच राहील. मी रात्री उठून तिचा श्वास ऐकेन. पण ज्या मुलीचा आवाज दोन महिने भिंतीपलीकडून ऐकला, ती मला हवी आहे. ती त्या तिघांमध्ये होती, ओट्याशी यांच्याबरोबर होती. आता कुठेच नाही. मला तिच्याबरोबर एकदा तो चहा प्यायचा आहे, मग तीन आठवडे झोप आली नाही तरी चालेल.

तिच्या वतीने हो म्हणायचा मला हक्क नाही. ती घाबरली आहे आणि ते भय खरं आहे. पण माझ्या तोंडी घातलेला नकार माझा नाही, तेवढा मी परत घेऊ शकते. मग तिला नको असेल तर नको म्हणेल, स्वतःच्या नावाने.

इंग्रजीची सवय राहिलेली नाही. दोन वाक्यं मनात जुळवली आहेत: मी नाही म्हटलेलं नाही. उद्या तीच तुमच्याशी बोलेल, तिला जरा वेळ द्या. त्यांच्याकडे आत्ता दुपार आहे. इथे बोलले तर आजोबा जागे होतील, म्हणून फोन घेऊन जिन्यात जाते आणि लावते.