जयूला मी दिलेला खोटा रिपोर्ट

जयू गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू?

आता वसई-विरारमध्ये सगळ्यात स्ट्रॉंग सिग्नल माझा.

आज वर्ष झालं त्याला. म्हटलं, एकदा खरं लिहून टाकू.

जयू आणि मी दोघेही हॅम. म्हणजे लायसन्स काढून हौसेने वायरलेसवर बोलणारे. परीक्षा एकत्र दिली. तो पहिल्या फटक्यात पास. मी दुसऱ्या.

तो वसईचा वाडीवाला. केळी, चाफा, स्वतःचं घर, स्वतःचं छप्पर आणि छपरावर अँटेनासाठी हवा तेवढा उंच पाइप. मी साताऱ्याहून येऊन विरारच्या फ्लॅटमध्ये. सोसायटीने टेरेसवर अँटेना लावू दिली नाही, म्हणे रेडिएशन येतं. त्यामुळे माझा सगळा संसार गाडीच्या टपावर.

आणि गाडीतही हाच वरचढ! तिथे मी जळायला लागलो.

त्याने अँटेना निवडायला अख्खं वर्ष घातलं होतं. आम्ही बोलतो ते दोन्ही बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सीचे पट्टे, एकाच दांडीवर हवेत, शिवाय स्कॅनरवर बाकीचं ऐकूही आलं पाहिजे. शेवटी एक लांबलचक दांडी आणली आणि व्हॅनच्या टपाला बरोब्बर मधोमध ड्रिलने भोक पाडून बसवली.

मी माझ्या नव्या गाडीला भोक पाडणार? बायकोने मलाच टपावर बसवलं असतं. मी मॅग्नेटवाली छोटी घेतली आणि कडेला चिकटवली.

"सुध्या, टपाचा पत्रा म्हणजे अर्धी अँटेना असते रे. मधोमध लाव."

हे तो सगळ्यांसमोर सांगायचा. प्रेमानेच. मला ते प्रेम नको होतं.

आमच्यात एक रीत आहे. आपला सिग्नल दुसरीकडे कसा पोचतो ते आपल्याला कळत नाही, म्हणून समोरच्याला विचारायचं. तो आकड्यात सांगतो. फाइव्ह नाइन म्हणजे एक नंबर; दुसरा आकडा जेवढा खाली, तेवढा सिग्नल कमजोर. अँटेना ठेवायची की बदलायची, ते त्याच्या शब्दावर ठरतं.

एका रविवारी सकाळी तो पाचूबंदरच्या धक्क्यावर, मी कळंबला सुरूच्या झाडांखाली.

"सुध्या, कसा येतोय?"

शेजारच्या सीटवर बसून बोलावं इतका स्वच्छ. त्याच्या मागे मासळीच्या लिलावात दोन बायका भांडत होत्या, तेसुद्धा शब्द न् शब्द कळत होतं.

मी म्हटलं, "फाइव्ह थ्री. घरघर आहे फार."

बस. एवढंच केलं मी.

त्याने केबल बदलली. कनेक्टर बदलले. मीटर लावून मोजलं, मीटर म्हणे सगळं ओके. दर रविवारी विचारायचा आणि दर रविवारी मी थ्री, फार तर फोर.

बाकीचे सगळे त्याला फाइव्ह नाइन देत होते. मला भीती वाटायची, आता पकडला जाणार.

तर हा म्हणतो कसा, "ते मैत्रीखातर बोलतात रे. तोंडावर खरं सांगणारा तू एकटाच."

शेवटी ती अँटेना त्याने काढली. आणि मलाच दिली.

"तुझ्या गाडीवर बघ लागते का. मला आता कुठली घेऊ सांग."

मी सांगितलं, "छोटी घे. वाडीत शिरताना फांद्यांना लागत नाही."

त्याने घेतली.

त्याची दांडी मी मोठ्या मॅग्नेटवर, टपाच्या मधोमध लावली. आठवड्याभरात सगळे माझं कौतुक करायला लागले. सगळ्यात जास्त जयू. "बघा, अँटेना चांगलीच होती. माझंच फिटिंग कुठेतरी चुकलं."

मग त्या पावसाळ्यात पाणी भरलं. लाइट नाही, मोबाइल नाही. जयू एका म्हाताऱ्या आजींना व्हॅनमध्ये घेऊन अडकला होता आणि ॲम्ब्युलन्ससाठी हाका मारत होता. पालिकेच्या कंट्रोल रूममध्ये वायरलेस घेऊन बसलेल्या आमच्या हॅम लोकांना तो ऐकूच येत नव्हता. मला त्याच्याच जुन्या दांडीवर ऐकू आला, तुटक तुटक. या वेळी तो खरंच थ्री होता.

मी निरोप पुढे दिला. आजी वाचल्या. पण अर्धा तास उशिरा.

माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, फोटो. पहिल्या रांगेत बसून जयू टाळ्या वाजवत होता. आणि मी काय विचार करत होतो? की शाल माझ्या खांद्यावर आहे, तरी लोक जाऊन त्याच्याशीच गप्पा मारतायत.

त्यानंतर काही महिन्यांनी तो हार्ट अटॅकने गेला. सांगायचं राहिलं असं म्हणणार नाही. दर रविवारी संधी होती. मी सांगितलं नाही.

आता हे आज का लिहितोय?

गेल्या आठवड्यात त्याची मुलगी पूर्वा घरी आली. तिला लायसन्स मिळालंय. पप्पांची व्हॅन तीच चालवते.

"काका, अँटेना कुठली घेऊ? पप्पा म्हणायचे, बाकी कोणाला विचारू नकोस, सुधीरकाकांना विचार. ते कधी खोटा रिपोर्ट देत नाहीत."

बायकोने चहा आणला. मी म्हटलं, बघून सांगतो. पूर्वा गेल्यावर बायकोने विचारलं, "अहो, चेहरा असा का झाला?" तिलाही नाही सांगितलं.

पूर्वा, तोंडावर बोलायची हिंमत झाली नाही, म्हणून सगळ्यांसमोर लिहिलं. तू माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेस, वाचशील.

नवीन काही घेऊ नकोस. तुझ्या पप्पांनी निवडलेलीच बरोबर होती. कालच ती माझ्या टपावरून उतरवली. रविवारी घेऊन येतो. दार उघडायचं की नाही ते तू ठरव.

जयू, आज सगळे तुला श्रद्धांजली वाहतायत. माझी घ्यायची की नाही, तेही तीच ठरवेल.