पार्किंगमधली होडी

८ फेब्रुवारी, शनिवार. आज होडीच्या तळाची चीर इपॉक्सीने भरायची होती. विश्रांतवाडीतल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझी ही जुनी लाकडी होडी चार महिने पडून होती. रविवारपर्यंत हलवली नाही, तर भंगारवाल्याला देऊ, असं सेक्रेटरींनी बजावलं होतं. धरणाकडे न्यायला रविवारी सकाळी टेम्पो येणार होता, पण चीर अर्धवट राहिली असती तर वाटेतल्या हादऱ्यांनी तळच उकलला असता.

भज्यांचं पीठ भिजवावं तसं मी इपॉक्सीचे दोन भाग, रेझिन आणि हार्डनर, एका खोल डब्यात भरपूर कालवलं. निम्मी चीर भरते न भरते तोच डबा चटके देऊ लागला, धूर निघाला आणि आतल्या मिश्रणाचा दगड झाला.

सेक्रेटरी नेमके तेव्हाच खाली आले. ‘‘अहो मॅडम, विश्रांतवाडीला समुद्र कधी येतोय?’’

‘‘निघालाय. ट्रॅफिकमध्ये अडकलाय,’’ मी म्हणाले.

मग बाटलीवरची सूचना वाचली. थोडं थोडं कालवून पसरट भांड्यात ठेवायचं, म्हणजे ते तापत नाही. नवऱ्याने स्वयंपाकघरातल्या काट्यावर उरलेला माल तोलून दिला आणि मी तो जुन्या ताटात कालवत संध्याकाळपर्यंत चीर पुरी भरली. काम मार्गी लागलं, हे बघून बरं वाटलं.

९ फेब्रुवारी, रविवार. सकाळी चिरेवर नख दाबून पाहिलं. रुतलं नाही. टेम्पो आल्यावर होडी उचलायला मी सेक्रेटरींनाच हाक मारली.