गोळी सोडली ते वर्ष

मी एसटीत कंडक्टर आहे, भोर डेपोला. माझी ड्युटी बहुतेक वेल्ह्याच्या गाडीवर असते. कापूरहोळ, नसरापूर, विंझर करत वेल्हे, आणि तसंच मागं. चालत्या गाडीत न धरता उभं राहायचं, हे आमचं पहिलं शिक्षण. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला ते एकदाच जमेनासं झालं. ते का, ते सांगायचं आहे, आणि त्या काळात ज्यांनी मला धरून ठेवलं त्यांच्याबद्दलही.

त्याआधी एका उन्हाळ्यात माझं मन बसत गेलं होतं. कारण काय, असं सगळे विचारायचे. घरात भांडण नव्हतं, लेक पुण्याला शिकत होती, नोकरी नीट चालली होती. कारण सापडलं असतं तर मलाच बरं वाटलं असतं. सकाळी खाकी कपडे अंगावर चढवायचे, एवढंसुद्धा डोंगराएवढं वाटायचं. भाजीत मीठ आहे की नाही ते कळायचं नाही. शेवटी नवऱ्यानं मला गाडीवर बसवून एका डॉक्टरबाईंकडं नेलं. त्या पुण्याहून आठवड्यातून एकदा भोरला येतात. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि एक गोळी चालू केली. पुढं बऱ्याच दिवसांनी एका सकाळी मला चहात टाकलेल्या आल्याचा वास आला. मी तशीच ओट्यापाशी उभी राहून तो वास घेत राहिले. म्हणून गोळीला मी कधीच नावं ठेवणार नाही. तिनं मला परत आणलं.

दोनेक वर्षं गोळी चालली. मी कामाला लागले, हसायला लागले. मग पावसाळ्यात भातलावणीसाठी रजा टाकून गावी गेले. आमचं गाव विंझरच्या पुढं, आतल्या बाजूला. तिथं सासूबाई एकट्या राहतात. मी त्यांना आत्या म्हणते. दिवसभर चिखलात वाकून रोपं लावली, संध्याकाळी चुलीपुढं बसलो, तेव्हा माझ्या ध्यानात आलं की गोळ्या भोरलाच राहिल्या.

आत्या म्हणाल्या, "मंग ऱ्हाऊ दे की. आता चांगली बरी हाईस. दिसभर माझ्या म्होरं लावणी केलीस. बऱ्या मानसानं औषीद कशापायी खायाचं?"

मलाही ते पटलं. खरं तर मनात तेच होतं, त्यांनी फक्त बोलून दाखवलं. लावणी उरकेपर्यंत गोळी घेतली नाही आणि भोरला परत आल्यावरही डबा उघडला नाही.

पहिले एक-दोन दिवस काहीच झालं नाही, उलट मनात जरा मिरवत होते. मग गरगरायला लागलं. मळमळ सुरू झाली. रात्रभर स्वप्नं, तीही इतकी खरी की जाग आल्यावर कुठं आहे ते कळायचं नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे डोक्यातले ते झटके. ओल्या हातानं बटण दाबल्यावर बसतो तसा, पण डोक्याच्या आत, क्षणभर. नजर एका बाजूकडून दुसरीकडं फिरवली की बसायचा. आता कंडक्टरचं काम म्हणजे दिवसभर नजर फिरवणंच. हे तिकीट, ते तिकीट, मागून कोण चढलं, पुढून कोण उतरलं.

त्या दिवशी नसरापूर सोडलं, गाडी वळणाला लागली आणि मी एका आजोबांना सुटे पैसे देत होते. एकदम झटका बसला आणि मी सीटच्या कडेवर आदळले. बायकांनी धरलं. ड्रायव्हरनं आरशात पाहिलं असावं, गाडी कडेला थांबली.

आमचे ड्रायव्हर वयानं मोठे. सगळा डेपो त्यांना मामा म्हणतो. ते मागं आले, मला खिडकीपाशी बसवलं आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, काय होतंय?"

मला रडूच फुटलं. मी म्हणाले, "मामा, ते परत आलं."

मला तसंच वाटत होतं. तो उन्हाळा परत आला, आता परत सगळं पहिल्यापासून. त्या विचारानं झटक्यांपेक्षा जास्त घाबरले होते. मामांना माझ्या आजाराचं माहीत होतं. मागं मी रजेवर होते तेव्हा ते दोनदा घरी येऊन गेले होते.

"गोळ्या चालू हायेत ना?"

मी मान हलवली. नाही.

"मग आदी डाक्टरबाईंना फोन लावा. विंझरला गाडी उभी करतो. पाच मिंटं उशीर झाला तर झाला. लोकांना म्या सांगतो."

विंझरच्या स्टॉपवर, दुकानाच्या पत्र्याखाली उभं राहून मी फोन लावला. डॉक्टरबाईंनी आधी सरळ विचारलं, "जीव नकोसा वाटतोय का? स्वतःला काही करावं, असं मनात येतंय का?"

"नाही हो. भीती वाटतेय फक्त. परत आलं, म्हणून."

"कधीपासून बंद केलीत गोळी?"

मी सांगितलं.

"मग नीट ऐका. मला नाही वाटत तुमचा आजार परत आलाय. आजार असा दोन-चार दिवसांत झटके देत येत नाही, तो हळूहळू येतो. शरीराला गोळीची सवय होते. ती एकदम काढून घेतली की असं होतं. घाबरवतं, पण जातं. आज घरी गेल्यावर तुमची नेहमीची गोळी घ्या आणि या आठवड्यात मला भेटा. तोवर गाडीत उभ्या राहू नका."

परतीच्या फेरीला मी बसून तिकिटं दिली. लोक आपणहून माझ्यापाशी येऊन तिकीट घेऊन जात होते. मामांनी काय सांगितलं होतं, कोण जाणे. कुणी एक शब्द विचारला नाही. एका बाईनं पिशवीतलं लिंबू माझ्या हातात ठेवलं आणि ती नसरापूरला उतरून गेली.

गोळी परत चालू केली, तसे दोन-तीन दिवसांत झटके गेले. दवाखान्यात नवऱ्याबरोबर गेले, तर बाहेरच्या बाकावर आत्या बसलेल्या. सकाळच्या गाडीनं एकट्याच आल्या होत्या. नवऱ्यानं फोनवर त्यांना सगळं सांगितलं होतं.

आत गेल्यावर मी तोंड उघडायच्या आधीच त्या डॉक्टरबाईंना म्हणाल्या, "म्याच म्हनले व्हते तिला, सोड म्हनून. माजं चुकलं."

डॉक्टरबाईंनी त्यांना खुर्ची दिली. म्हणाल्या, "आजी, सून बरी दिसली, तुम्हाला आनंद झाला. त्यात काय चुकलं? गोळी सोडायची इच्छा तिचीही आहे आणि आता सोडता येईल, असं मलाही वाटतं. फक्त एकदम नाही. थोडी थोडी कमी करू."

माझ्या मनात एक गोष्ट सलत होती. विचारलं, "म्हणजे मला व्यसन लागलंय का हो?"

"व्यसनी माणसाला रोज जास्त लागतं. तुम्ही कधी एक गोळी जास्तीची मागितलीत का? नाही ना. मग? ही नुसती शरीराची सवय आहे. सवय मोडायला वेळ द्यायचा, एवढंच."

कधी सुरुवात करायची, तेही त्यांनी आम्हालाच विचारलं. घाईगडबडीत नको, घरात शांतता असेल तेव्हा, असं म्हणाल्या. आत्यांनी लगेच सांगून टाकलं, "सुगी उरकली की म्या हितं येऊन ऱ्हाते."

आणि खरंच आल्या. भात झोडून, घरात भरून, शेजारणीला म्हशीचं सांगून त्या हिवाळ्यात भोरला आल्या. लग्नानंतर इतके दिवस त्यांच्याबरोबर एका छताखाली मी कधी राहिले नव्हते. डॉक्टरबाईंनी त्यांच्यावर एक काम सोपवलं होतं. माझं बोलणं बंद झालं, झोप उडाली, अंघोळ-जेवण सुटलं किंवा जगण्याबद्दल काही भलतं बोलले, तर वाट न बघता फोन करायचा. आत्यांनी ते काम भाताच्या राखणीसारखं केलं. मी स्वयंपाकघरात जरा गप्प बसले, तरी "का गं?" म्हणून यायच्या.

डोस कमी केला की आठवडा-दीड आठवडा त्रास व्हायचा. पण आता तो काय आहे ते माहीत होतं, आणि त्यानं अर्धं ओझं उतरलं होतं. झटका बसला की मी मनात म्हणायची, हा आजार नव्हे, ही सवय सुटतेय. डोळे फिरवायचे तर मान सगळी फिरवायची, घाईनं नाही, हेही हळूहळू शिकले. दुपारनंतरचा चहा सोडला. सकाळी आत्यांबरोबर नीरा नदीच्या कडेनं फिरायला जायची. त्या पुढं, मी मागं. डेपोत मामांनी कुणाला तरी सांगून मला काही दिवस पहाटेची ड्युटी लागू दिली नाही. कुणाला सांगितलं, ते मला आजही माहीत नाही.

स्वप्नं मात्र थांबेनात. पण आत्यांनी त्यांचीसुद्धा गंमत करून टाकली. सकाळी चहा घेताना पहिला प्रश्न, "आज काय बगितलंस?" एकदा मी सांगितलं, गाडीत माणसांऐवजी सगळ्या भाताच्या पेंढ्या बसल्या होत्या आणि प्रत्येक पेंढी अर्धं तिकीट मागत होती. आत्या इतक्या हसल्या की चहा सांडला. मग विचारलं, "दिलंस का मंग?" मी म्हणाले, दिलं. "बरं केलंस."

नवऱ्याचं काय सांगू. तो बोलणारा माणूस नाही. त्या दिवसांत मला मोठा आवाज अजिबात सहन होत नव्हता. एकदा कुकरची शिट्टी झाली आणि मी त्याच्यावर अशी ओरडले की शेजारचे बाहेर आले. दुसऱ्या दिवसापासून कुकर माळ्यावर गेला आणि पातेल्यात डाळ शिजायला लागली. ती शिजायला तासभर लागायचा. तो कामावरून येऊन, स्टूल घेऊन, गॅसपाशी बसून राहायचा. डाळ कधी कच्ची, कधी करपलेली. आम्ही तिघं गुपचूप खायचो.

उन्हाळ्यात एकदा मी अडकले. डोस आणखी खाली आणला आणि पंधरा दिवस झाले तरी गरगर जाईना, उगाच रडू येई. कापूरहोळला एका पोरीनं पेरू पुढं केला, "घ्या ना मावशी," तर तिच्यासमोरच डोळे भरले. डॉक्टरबाईंकडं गेले आणि म्हणाले, मला जमत नाही.

"मागच्या डोसवर जाऊ," त्या सहज म्हणाल्या. "महिनाभर तिथंच थांबू. मग याच्याहून लहान पायरी घेऊ. तुम्हाला कुठं वेळेवर पोचायचंय?"

मी आयुष्यभर वेळेवर पोचायचंच काम केलेलं. हे मला कुणी कधी म्हणालं नव्हतं.

पेरणीच्या आधी आत्या गावी परतल्या. शेवटचे डोस सगळ्यात सावकाश गेले. जितकं कमी होईल तितकं हळू जायचं, हे डॉक्टरबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. पाऊस संपता संपता शेवटची गोळी घेतली. त्यानंतरही अधूनमधून एखादा झटका यायचा. मग कधी तरी वाटेतल्या मार्गासनी गावाजवळ पूर्ण भरलेल्या गाडीत मी पुढून मागं तिकिटं फाडत गेले आणि मागच्या सीटपाशी पोचल्यावर लक्षात आलं की कित्येक दिवसांत झटका आलेलाच नाही. मामांना सांगावंसं वाटलं, पण ते गाडी चालवत होते. वेल्ह्याला चहा घेताना सांगितलं. ते म्हणाले, "म्या बगतोय की आरशात. आता आदीसारक्या चालताय."

मधे एकदा सगळा दिवस मन उदास गेलं. मी घाबरून डॉक्टरबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, एक वाईट दिवस हा फक्त एक वाईट दिवस असू शकतो. दोन आठवडे तसंच राहिलं तर या, आणि परत गोळी लागलीच तर ती घ्यायची, त्यात लाज कसली. दुसऱ्या दिवशी मन आपोआप ताळ्यावर आलं. पण तिथं दार उघडं आहे, हे माहीत असणं मला फार मोठं वाटतं. लेकीलाही मी हे सगळं सांगून ठेवलंय, काहीही न लपवता.

यंदाची सुगी झाल्यावर आत्यांनी नव्या इंद्रायणी तांदळाची पिशवी बांधून दिली, डॉक्टरबाईंसाठी. मी म्हणाले, त्या घेणार नाहीत. आत्या म्हणाल्या, "घेतील. म्या येते संगं." मला तपासायचं काहीच नव्हतं, तरी आम्ही दोघी बाकावर नंबर लावून बसलो. आत गेल्यावर डॉक्टरबाई खरंच नको नको म्हणायला लागल्या. आत्यांनी पिशवी टेबलावर ठेवली, कागदपत्रं बाजूला सारली आणि सांगितलं,

"पानी कमी घाला बरं का. नवा तांदूळ हाय, लई पानी घातलं तर गिचका हुतो. आन घाई करू नगा, झाकून ठिवा."

डॉक्टरबाईंनी खुर्चीतून उठून आत्यांचे हात हातात घेतले. मग त्यांनी पाण्याचं माप नीट परत विचारून घेतलं.