माझ्याच पोटावर उपडा तांब्या

धारूरच्या डोंगरपट्ट्यातलं आमचं गाव. गावात बाईचं पोट दुखलं की ती आधी माझ्याकडं येई, मग देवाकडं जाई, आणि दोन्हीकडं गुण आला नाही तरच डॉक्टरकडं. हा क्रम माझ्या सासूनं लावून दिला होता आणि तो मोडू नये म्हणून मी फार जपले.

माझं काम बेंबी बसवण्याचं. जड उचललं, पाय घसरला, की बेंबी जागची सरकते आणि मग पोट दुखतं, अशी आमच्याकडची समजूत. सरकलेली बेंबी परत आणायची तर पोटाला तेल लावून अंगठ्यानं दाबत दाबत ठोका शोधायचा. मग कणकेचा छोटा दिवा पोटावर ठेवून पेटवायचा आणि वरून तांब्या उपडा घालायचा. आत दिवा विझतो, तांब्या पोटाला गच्च धरतो, बाई ‘आई गं’ म्हणते. तांब्या सुटला की मी गंभीर तोंड करून म्हणायचे, “बसली.”

ती तेव्हाची मी मोठी नमुनेदार बाई होती. सातवीपर्यंत शिकलेली, म्हणून बायांत विद्वान. आलेल्या बाईला उताणी निजवून तिच्या पायाचे दोन्ही अंगठे जुळवून बघायची. एक वर, एक खाली दिसला की मान हलवायची आणि म्हणायची, “लई सरकलीय.” जगात कुणाचेच अंगठे तंतोतंत जुळत नाहीत, हे तिच्या तीस वर्षांत ध्यानात आलं नाही. पैसे ती घेत नसे. फक्त मान घेई, आणि तो उधार ठेवत नसे.

चार वर्षांखाली मला थकवा यायला लागला. विहिरीपासून घरापर्यंत यायला दोनदा बसावं लागे. शौचाला डांबरासारखं काळं होई. मी ठरवलं, कारळाची चटणी जास्त झाली. चटणी बंद केली, काळं बंद झालं नाही. मग ठरवलं, जुनी चटणी अजून निघतेय.

एक दिवस अंघोळ करताना डाव्या बरगडीखाली हाताला काहीतरी लागलं. टणक, लिंबाहून मोठं. दुसऱ्या कुणाच्या पोटात असं लागलं असतं तर मी काय म्हणाले असते कोण जाणे, पण स्वतःच्या पोटाचं निदान मी तिथल्या तिथं केलं. माझी बेंबी सरकून बरगडीखाली गेलीय! आता बेंबी तर डोळ्यांना जागेवर दिसत होती. त्यावरही तोड निघाली. बाहेरची जागेवर आहे, आतली सरकलीय.

मग सबंध हिवाळा दर शनिवारी मी तेल लावून ती गाठ दाबली. सून तांब्या धरायला.

“आत्याबाई, ही बेंबी न्हाई,” ती म्हणाली. “बेंबी कवा दगडावानी लागती का?”

“तू मला शिकवती? तुझ्या लग्नाच्या आधीपसून बसवते मी.”

“म्हणूनच म्हणते, आता दुसऱ्या कुणाला दाखवू.”

“दुसरं कोण हाय?” मी विचारलं. खरंच विचारलं. पंचक्रोशीत माझ्याहून मोठं कुणी असेल, असं मला वाटतच नव्हतं.

शेवटी एका शनिवारी शेजारच्या वस्तीवरच्या बाईचं पोट दाबता दाबता मीच तिच्या अंगावर आडवी झाले. जिची बेंबी सरकली होती ती ताडकन उठली, तिनं मला पाणी पाजलं, वारा घातला, आणि गावभर सांगितलं की म्हातारीच्या नुसत्या पडण्यानं माझं दुखणं पळालं. माझी कीर्ती त्या दिवशी शिगेला पोचली. मी मात्र जीपमध्ये मागच्या बाकावर पडून तालुक्याला निघाले होते.

तिथल्या डॉक्टरनं पोटावर हात ठेवला आणि हात उचलायच्या आत सांगितलं, “पिशवीला गाठ आहे. काढून टाकू.”

“ती तर सत्तावीस वर्षांखाली काढली, साहेब.”

डॉक्टरनं आता हात उचलला. मग म्हणाला, “सगळी काढली होती का?”

आमच्या भागात उसाच्या आधी बायांच्या पिशव्या तोडल्या जातात. कारखान्यावर गेल्यावर महिन्याचे चार दिवस खाडा पडू नये म्हणून. मीही तेव्हा मालकांसोबत, म्हणजे नवऱ्यासोबत, कोयता घेऊन जायची. मला कुणी ओढत नेलं नव्हतं. पस्तिशीतली ती शहाणी नवी साडी नेसून, केसात अबोली माळून दवाखान्यात गेली होती, वर मोठ्या-धाकट्या दोन्ही जावांनाही घेऊन गेली होती. ‘एकदा काढली की पोटाचं दुखणंच मिटलं’ असं तिनं त्यांना समजावलं होतं. तिला आज हसावं म्हणते, पण या एका ठिकाणी ते नीट जमत नाही.

तर पिशवी नाही म्हटल्यावर तालुक्याचं ज्ञान संपलं आणि सुनेनं मला शहरात नेलं. मोठ्या दवाखान्यात घशातून कॅमेरा घातला. पोटाचं अस्तर आतून गुळगुळीत, फक्त एका बाजूनं फुगलेलं. वरवरचा तुकडा काढून तपासला, त्यात काही निघालं नाही. मालकांनी वॉर्डातच पेढे वाटले. समोरच्या खाटेवरच्या, नाकात नळी असलेल्या माणसालाही एक दिला.

तो पेढा तोंडात असतानाच डॉक्टरीणबाई आल्या. वयानं माझ्या नातीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. म्हणाल्या, “आजी, पेढे जरा लवकर झाले. गाठ अस्तराला नाही, भिंतीच्या आत आहे. आम्ही नुसता वरचा रंग खरवडला.”

मग परत कॅमेरा, या वेळी त्याच्या टोकाला सोनोग्राफी आणि एक बारीक सुई. सुईनं भिंतीतला तुकडा आणला. त्याला खास रंग लावून तपासलं, आठवडा गेला, आणि डॉक्टरीणबाईंनी आम्हा तिघांना खुर्च्या दिल्या. दवाखान्यात खुर्ची मिळाली की समजावं.

“हा पोटाचा नेहमीचा कॅन्सर नाही. सार्कोमा म्हणतात, त्यातला जिस्ट नावाचा प्रकार. फार कमी लोकांना होतो.”

मालकांनी विचारलं, “म्हंजी आमच्या तालुक्यात कुणाला हाय का?”

“मला तरी ठाऊक नाही.”

मालकांची छाती किंचित पुढं आली. मी पाहिलं. खोटं कशाला बोलू, माझीही आली.

“यावर रोजची एक गोळी आहे,” बाई सांगत होत्या. “पण सगळ्यांच्या गाठीवर ती सारखी चालत नाही. तुमच्या गाठीची आणखी एक तपासणी करून मी खात्री केलीय, तुम्हाला ती चालेल. काही महिन्यांत गाठ लहान होईल, मग ऑपरेशन करून अख्खी काढू. अख्खी निघणं महत्त्वाचं. तिचं आवरण फार नाजूक असतं. फुटलं तर आतलं बी सगळ्या पोटात सांडतं आणि रोग परत उगवतो.” मग त्यांनी सहज विचारलं, “आजी, तुम्ही गाठ चोळत वगैरे नाही ना?”

“न्हाई बाई. कावून चोळीन?”

“खोटं!” सून म्हणाली. “दर शनवारी. अंगठ्यानं. वर तांब्या बी लावला.”

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. तांब्या म्हणजे काय, ते सुनेनं हाताच्या ओंजळीनं करून दाखवलं. बाईंनी स्कॅनची फिल्म परत उजेडाला धरली. मग म्हणाल्या, “स्कॅनमध्ये फुटलेली दिसत नाही. पण नक्की काय ते पोट उघडल्यावरच कळेल.”

आमचा डोंगर सीताफळाचा. हंगामात मी घाटात पाटी घेऊन बसायचे. गिऱ्हाइकानं सीताफळाला बोट लावलं की खेकसायचे, “दाबू नका! डोळे बघा आन् घ्या.” पिकलेलं सीताफळ दाबलं की हातात फुटतं, बिया आणि गर सगळीकडं, हे मला कुणी शिकवायला नको होतं. दुसऱ्याच्या बोटापासून सीताफळ जपणारी ही बाई घरी येऊन स्वतःच्या पोटातलं सीताफळ हिवाळाभर दाबत होती.

गोळी सुरू झाली. जेवणावर घ्यायची आणि वर मोठा पेलाभर पाणी. मळमळे, पोटऱ्यांत गोळे येत, सकाळी डोळे सुजत. मला समाचाराला येणाऱ्यांचा त्रास मात्र याहून मोठा. कॅन्सर म्हटल्यावर लोक तयारीनं येत. पदर डोळ्याला लावूनच उंबरा ओलांडत. आणि समोर मी, केसांचा आंबाडा घातलेली.

“केस हायतच की हिचे,” माझी मोठी जाऊ पहिल्याच दिवशी म्हणाली. आवाजात फसवल्याची तक्रार होती.

“या गोळीनं जात न्हाईत.”

“मग कॅन्सर कसला?”

डोळ्यांच्या सुजेनं तोंड भरल्यासारखं दिसे. त्यात गोळीचा आणखी एक गुण, कातडीचा रंग उजळतो. जन्मभर उन्हात ऊस तोडून काळी पडलेली मी साठीनंतर गोरी व्हायला लागले. मग समाचाराचा सूरच बदलला. मरायला टेकलेल्या बाईला बघायला आलेल्या बाया जाताना दाराआड सुनेला विचारत, “गोळीचं नाव काय म्हनलीस?” जाऊ तर उघडच म्हणाली, “एखादी दे की. माझ्या धाकट्या नातीचं औंदा जमवायचंय.”

मालक पारावर सांगत, “तसला रोग जिल्ह्यात न्हाई कुणाला.” तालुक्यापासून जिल्ह्यापर्यंत त्यांनी तो एका महिन्यात वाढवला.

मी या सगळ्यांत हसून घेई. एकटी असले की हात आपोआप बरगडीकडं जाई आणि वाटेत मी तो धरी. फुटली असेल का? कुठल्या शनिवारी? तो एक शनिवार आठवे, सुनेवर चिडून मी जरा जास्तच जोर लावला होता तो.

आणि दुसऱ्यांची पोटं आठवत. नांदूरघाटाकडून एक ऊसतोडीची बाई दर वर्षी कारखान्याला जायच्या आधी यायची. तिच्या पोटात उजवीकडं काहीतरी लागायचं. मी तीन वर्षं ‘बसली’ म्हणाले. चौथ्या वर्षी ती आली नाही. तेव्हा मला वाटलं होतं, बघा, कायमची बसवली. मी चौकशी केली नाही. आता करायचं धाडस होत नाही.

आठ महिन्यांनी पोट उघडलं. गाठ निम्म्याहून लहान झाली होती. जठराचा एक तुकडा आणि ती गाठ, असं मिळून काढलं. शुद्धीवर आले तेव्हा डॉक्टरीणबाई खाटेशी उभ्या होत्या. घसा कोरडा, तरी मी पहिलं तेच विचारलं, “फुटलीवती का?”

“अख्खी निघाली. आवरण शाबूत.”

मी डोळे मिटले. माझ्या अंगठ्यात तीस वर्षांत काडीचा जोर नव्हता, हे ऐकून इतका आनंद झालेली बेंबीवाली मीच पहिली असेन.

“पण तुमचं नशीब हं,” त्या म्हणाल्या. “कौतुक नाही करत आहे मी.” पुढं गोळी तीन वर्षं आणि ठरल्या महिन्यांनी स्कॅन, हेही सांगितलं. त्या गेल्यावर ड्रेसिंग करणारी नर्स खाली वाकून हळूच म्हणाली, “आजी, तुम्ही बेंबी बसवता म्हणे? मला तीन दिवसांपासून...”

मला हसू आलं, आणि हसल्यावर टाक्यांनी जे दाखवलं ते दाखवलं.

गेल्या महिन्यात, दुपारची भांडी चालली होती, तेव्हा मोठी जाऊ आली. चटई ओढली, उताणी निजली आणि पोटावरचा पदर बाजूला केला.

“आठ दिस झालं. जेवले की उजवीकडं कळ निघती. बघ जरा.”

माझे दोन्ही अंगठे अक्षरशः वळवळले. सवय म्हणजे काय चीज आहे! मी हात मांडीखाली घेऊन त्यांच्यावर बसले.

“मी हात लावीत न्हाई आता, अक्का.”

“कावून? माझ्या पोटाला काय काटे हायत?”

“आत काय हाय ते मला कळत न्हाई. तवा बी कळत नव्हतं.”

ती कोपरावर उठली. “इतकी वर्षं दाबलं ते? माझी चारदा बसवलीस ते?”

“न्हवती बसवली.”

“मग माझं दुखणं थांबलं कसं?”

“ते त्याचं त्याचं थांबलं. तू तांब्याच्या भ्यानं बरं वाटतंय म्हनलीस.”

तिला याचा फार राग आला. आजाराचा आला नसता एवढा. “गोरी झालीस तशी माजलीस,” ती म्हणाली. “तांब्या तरी लाव. त्यानं काय बिघडतंय?”

तो तांब्या मी टाकलेला नाही. रोज गोळीवर पाणी त्यातूनच पिते. फडताळातून काढून, पाणी भरून मी तो तिच्या हातात दिला.

“पी,” मी म्हणाले, “आन् चल. तीनची जीप हाय, सोनोग्राफी करून येऊ. आन् डॉक्टर पिशवी काढा म्हनला, तर तू काही बोलू नको. काढलेलीच हाय, ते मी सांगते.”