इराच्या लिफ्टमध्ये तेरा नाही

मंडळी, आज संध्याकाळी माझ्या पाच वर्षांच्या लेकीने, इराने, मला चांगलंच पकडलं.

तिच्या बेरजा पक्क्या व्हाव्यात म्हणून मी बुटांच्या खोक्यावर वीस मजल्यांची बिल्डिंग काढली आणि काडेपेटीची लिफ्ट केली. फासा टाकायचा, कितव्या मजल्यावर पोचणार ते आधी सांगायचं, मग लिफ्ट हलवायची.

लिफ्ट बाराव्यावर होती. फाशावर दोन पडले. इरा ओरडली, "पंधरा!"

"नीट मोज गं."

"चौदा, पंधरा."

"आणि तेरा कुठे गेला?"

"तेरा नसतोच!"

मी चिडले. एवढं शिकवून हे? ती रडतच मला हाताला धरून आमच्या मुलुंडच्या टॉवरच्या लिफ्टमध्ये घेऊन गेली. बटणं बघितली. बारा आणि त्यावर थेट चौदा. तीन वर्षं मी रोज तिथेच बोट ठेवतेय.

मी सॉरी म्हटलं. तेरा आकडा अशुभ मानतात म्हणून बिल्डरने गाळलाय, हेही सांगितलं.

तिने बोटांवर मोजलं. "मग आई, आपला चौदावा मजला खरं तर तेरावाच ना?"

आता तुम्हीच सांगा, काय उत्तर देऊ? फ्लॅट घेताना "काहीही चालेल, फक्त तेरावा नको" म्हणणारी मीच होते.