चाळिसावी फेरी

चौगुले सर संगणकाला कधी हात लावत नसत. खुर्चीत रेलून, तंबाखू मळत, मागून हुकूम सोडत. नव्वदच्या दशकात कोल्हापुरातल्या आमच्या भौतिकशास्त्र विभागात एकच बरा संगणक होता आणि तो त्यांच्या खोलीत होता, म्हणून ते संशोधक. दुसरं कारण मला तरी सापडलं नाही.

विषय मात्र थोर. इलेक्ट्रॉन जागा सोडतो, मागे पोकळी उरते; त्या दोघांची जोडी जमली की तिला एक्सायटॉन म्हणतात. इलेक्ट्रॉनांची आपसात जबर रेटारेटी चालू असताना अशा असंख्य जोड्या एका लयीत येतील का, म्हणजे त्यांचं संघनन होईल का, हे आम्ही गणिताने शोधत होतो. संघननाचा एक आकडा अंदाजाने भरायचा, गणित फिरवायचं, आलेला आकडा पुन्हा भरायचा, ही एक फेरी. आकडा टिकला तर संघनन आहे, शून्यावर गेला तर नाही.

सर चाळिसाव्या फेरीला गणित थांबवायला लावत. त्यांच्या वडिलांचं शिरोळकडे गुऱ्हाळ होतं, त्यामुळे दाखला ठरलेला. "उकळत्या रसाची काहील कवा उतरायची ते गुळव्याला कळतं, पोरी. पुस्तकात नसतंय ते." एवढ्या अकलेवर त्यांचे निबंध छापून येत आणि विभागात पेढे वाटले जात. मी पेढा खायची आणि मनात हसायची.

माझा प्रबंध बांधायला जायच्या आठवड्यात सर एका लग्नाला पेठ वडगावला गेले. मी संगणक थांबवलाच नाही. चारशे फेऱ्या झाल्या. आकडा घसरत घसरत शून्यावर आला. संघनन नव्हतंच. आम्हीच भरलेला आकडा पुरता विरायच्या आत आम्ही उचलून घेत होतो.

दुसऱ्या दिवशी कागद त्यांच्यापुढे ठेवला. हा माणूस मूर्ख आहे, अशी माझी खात्री होती. त्यांनी कागद नीट घडी करून मला परत दिला.

"मला म्हाईत हाय," ते म्हणाले. "पाच वर्षं तुझी गेल्यात. आता तूच ठरीव की."

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं, चाळीसच फेऱ्या का? सर खिडकीबाहेर बघत राहिले. मी परीक्षकांना म्हणाले, "त्यापुढे आकडा बदलत नाही, सर."

दोन हजार सालानंतर थोड्याच वर्षांत सर वारले. त्यांच्या खोलीत आता मी बसते. त्यांना नावं ठेवायला मला अजूनही आवडतं. पण त्या दिवशी ते निदान गप्प बसले होते. खोटं मी बोलले.