जत्रेतली हुलग्याची उसळ

गेल्या पावसाळ्यात माझ्या साखरेबरोबर अंगातला दाह दाखवणारा रक्तातला आकडाही वाढलेला निघाला. पौडच्या डॉक्टरीणबाईंनी मटण बंद करून कडधान्यं आणि मासे खायला सांगितले. मटणाशिवाय आमच्या घरात पाहुणचार होत नाही. मी हिरमुसले. थोरल्या जाऊबाई मात्र त्याच संध्याकाळी हुलगे भिजत घालायला बसल्या.

चैत्रात जत्रेला मुठा गावातलं आमचं घर पाहुण्यांनी भरलं. मटणाचं पातेलं रटरटत होतं. चुलतसासरे मला म्हणाले, "एक दिस खाल्लं तर काय व्हतंय?"

माझा हात ताटाकडे गेलाच होता. तेवढ्यात जाऊबाई म्हणाल्या, "तिला न्हाई चालत. मी बी तिच्यासंगं उसळच खातीया." मटण त्यांना जिवापाड आवडतं. तरी त्या माझ्याशेजारी बसल्या आणि भाकरी कुस्करून उसळीबरोबर निवांत जेवल्या.

आता तो आकडा खाली आलाय. डॉक्टरीणबाई म्हणतात, गोळ्या, चालणं, आहार, सगळ्यांचाच गुण. असेलही. पण त्या दिवशी मला एकटीला वेगळं ताट घेऊन बसावं लागलं असतं, तर माझं पथ्य तिथंच मोडलं असतं.